मोतीदादांचा बर्फातला कोट

मोतीदादांचं माप मी त्यांना उभं करून घेतलं, इथेच माझी पहिली चूक झाली. लग्नाच्या सुटाचं घेतात तसं अगदी व्यवस्थित घेतलं. छाती, पोट, पुन्हा एकदा पोट (पहिल्या वेळी टेपवर विश्वास बसला नाही म्हणून), खांदा, बाही, पाठ. कच्चा कोट शिवला, त्यांना घातला, आरशासमोर उभं केलं आणि दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं. कोट झकास बसला होता. मोतीदादांनीही मान डोलावली. मग म्हणाले, “मास्टर, आता बघ हां,” आणि माझ्या कारखान्याच्या फरशीवर, कातरणांच्या ढिगाशेजारी चक्क पालथे झोपले. कोपरं टेकली, एक डोळा मिटला आणि माझी लाकडी पट्टी बंदुकीसारखी धरून समोरच्या ओव्हरलॉक मशीनवर नेम धरला. कोट सरकत सरकत बगलेत जाऊन बसला. बाह्या कोपरापर्यंत आल्या. मागे कमरेपासून अर्ध्या पाठीपर्यंत जाळीचा बनियन उघडा. मशीनवरच्या बायका तोंडाला ओढणी लावून खाली बघायला लागल्या.

“शिकारी उभा नसतो, मास्टर,” मोतीदादा जमिनीवरूनच म्हणाले. “पडलेला असतो.”

तेव्हा मीही गुडघ्यावर आलो, मग पोटावर आलो आणि त्यांच्या शेजारी झोपून दुसऱ्यांदा माप घेतलं. इतकी वर्षं कापड कापतोय, पण गिऱ्हाइकाशेजारी फरशीवर आडवं पडून बगलेचा मुंढा मोजायची वेळ पहिल्यांदाच आली.

माझा धंदा थोडा विचित्र आहे, तो आधी सांगतो. राहतो बदलापूरला, शिरगावात. कारखाना उल्हासनगरला, एका जीन्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर. आणि शिवतो काय, तर बर्फातले कपडे. जिथे पंखा बंद झाला की माणूस निथळायला लागतो अशा गावात बसून मी जाकिटं, हातमोजे आणि स्लीपिंग बॅगा शिवतो. गिऱ्हाईक म्हणजे हिमालयात जाणारे ट्रेकवाले, केदारनाथला निघालेली मंडळं, क्वचित एखादं नवीन जोडपं. असं एक जोडपं दोघांना मिळून एकच स्लीपिंग बॅग शिवून घेऊन गेलं होतं. परत आल्यावर त्यांनी ती मधोमध कापून दोन करून मागितली. मी काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात फार विचारत नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जाडजूड कापड म्हणजे ऊब. तसं नसतं. कोट काही शेगडी नव्हे, तो स्वतः गरम नसतो. गरम असतो तो आतला माणूस. कोटाचं काम एवढंच, की त्या माणसाची ऊब धरून ठेवायची. आणि ती धरून ठेवते हवा. म्हणून आत पिसं किंवा कापसासारखा फुललेला फायबर भरतात. भरण जितकं फुगेल तितकी हवा, जितकी हवा तितकी ऊब. गोधडीला घालतो तसा टाका आरपार घातला, की त्या रेघेवर भरण दाबलं जातं आणि तिथून थंडी आत येते. म्हणून चांगल्या कोटाला आत वेगळे कप्पे करतात, टाका आरपार जाऊ देत नाहीत. माझी सगळी कारागिरी ह्या एका गोष्टीत आहे, फुगवटा वाचवायचा. दुसरा वैरी म्हणजे घाम. ओल्या अंगाने थंडीत बसणं म्हणजे ओल्या कपड्यानिशी पंख्याखाली बसणं, फक्त पंखा हिमालयाएवढा.

मोतीदादा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले जुने व्यापारी. साठीला टेकलेले, स्वतः विकतात त्या सोफ्यापेक्षा भक्कम. त्यांच्या बहिणीचा नवरा दुबईला असतो. त्याने दोघांसाठी किरगिझस्तानच्या डोंगरात शिकारीची सहल ठरवली होती. आयबेक्स नावाचा मोठ्या वळणदार शिंगांचा रानबोकड असतो, त्याची. तिकडे सरकार परवाना देतं, वाटाड्या बरोबर असतो, घोडे असतात, तंबू असतात आणि मारायचा तो ठरलेला एकच म्हातारा नर. आपल्याकडे सशाला हात लावला तरी जेलची हवा खावी लागते आणि ते बरंच आहे. मला ह्या कामाची हौस नव्हती. पण रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत जो माणूस पिशवी घेऊन पुढे असतो, त्याने बोकडाच्या बाजूने कोणत्या तोंडाने बोलायचं?

तरी मी सरळ विचारलं, की दादा, ह्या वयात हे काय काढलंत?

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा सिंधमध्ये एका जमीनदाराचे मुनीम होते. जमीनदाराचे पाहुणे डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला जायचे, तेव्हा आजोबा पायथ्याशी तंबूत सामान सांभाळत बसायचे. त्यांना वर कधी कुणी नेलं नाही. बोकड त्यांनी पाहिले ते खाली आणलेले, मेलेले. मग फाळणी झाली आणि कुटुंब इथे उल्हासनगरला, निर्वासितांच्या कॅम्पात आलं. बरॅकीत नातवंडांना जवळ घेऊन आजोबा त्या शिंगांचं वर्णन करायचे.

“पण वर, डोंगरावर उभा असला की कसा दिसतो,” मोतीदादा म्हणाले, “ते आमच्या खानदानात कोणी बघितलं नाय, मास्टर.”

 मी कापड काढलं.

तयार कोट त्यांना मिळत नव्हता असं नाही. दुबईहून मेहुण्याने दोन पाठवले होते. पण परदेशी कोटात ज्याचं पोट मोतीदादांएवढं, त्याचे हात गुडघ्यापर्यंत असतात अशी त्या लोकांची समजूत आहे. बाही दुमडली तर हातमोजा बसेना, पोटावर चेन लागेना.

कापड कापण्याआधी मी त्या वाटाड्याशी बोलायचं ठरवलं. डोंगर तोच ओळखतो. दुबईतला एजंट मध्ये बसला आणि व्हिडिओवर बेक नावाचा एक रापलेला माणूस दिसला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. चढताना थंडी वाजत नाही, उलट घाम फुटतो. मग कड्यावर पोहोचलं की बर्फावर पालथं पडायचं आणि बोकड येईपर्यंत हलायचं नाही. तासन्‌तास. हललं की तो बघतो. माणूस जिवानिशी जातो तो त्या पडून राहण्यात. मागे एका पाहुण्याची बोटं बंदुकीवरून सुटेनात, मग जीभ जड झाली, त्याला घोड्यावर बांधून खाली आणावं लागलं. एवढं सांगून बेकने विचारलं, कपडे कोण शिवतंय? मोतीदादांनी फोन माझ्याकडे फिरवला. त्याने माझा अर्ध्या बाह्यांचा शर्ट पाहिला, डोक्यावर गरगरणारा पंखा पाहिला आणि काहीतरी बोलला. एजंटने ते भाषांतर करून सांगितलं नाही.

मला ते लागलं. कोट मी जीव ओतून शिवला. मुंढा मोठा ठेवला, म्हणजे हात पुढे केला तरी पाठ वर ओढली जाणार नाही. मागची बाजू लांब. पोटाकडून फुगवटा थोडा कमी, कारण तिथे मोतीदादांचं स्वतःचं भरण होतंच. नवरात्र संपताना तयार झाला. मोतीदादांनी दोन दिवस घरी न्यायला मागितला, बायकोला, म्हणजे आमच्या भाभींना दाखवायला. मी दिला.

आता आमच्याकडची एक पद्धत. थंडीचा कपडा मी थंडीत वापरून पाहिल्याशिवाय देत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात थंडी कुठून आणायची? तर अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या कारखान्यांच्या वस्तीत एक कोल्ड स्टोरेज आहे. गोठवलेला वाटाणा, मका, असला माल असतो. तिथले सुपरवायझर भोईरदादा मोरिवली गावचे, माझे जुने स्नेही. उणे अठरा. बर्फ पडत नाही एवढंच, बाकी किरगिझस्तान.

नियम माझेच आहेत. आत एकट्याने जायचं नाही. दाराबाहेर एक माणूस सतत उभा. आणि आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं. थंडी आधी बोटात शिरते, मग जिभेत. बोलणं अडखळलं की बाहेर, मग तो मंत्री का असेना.

डोंगराची चढण हवी म्हणून मोतीदादांना आतले कपडे घालून, पाठीवर वाटाण्याच्या पिशव्या देऊन मी गोदामाचा जिना चढउतर करायला लावला. भोईरदादा तंबाखू मळत बघत होते. म्हणाले, “मास्टर, ह्याला मारायला बोकड कशाला पायजे? जिनाच पुरे हाय.” मोतीदादा हसले, पण त्यांना दम लागला होता. घामाने थबथबले, तेव्हा कोट चढवला आणि आम्ही दोघे आत गेलो. मागे दार बंद झालं.

लाकडी फळ्यांवर ते पालथे झोपले. बंदूक म्हणून पडद्याची दांडी होती. नेम मक्याच्या खोक्यावर. मी शेजारी खोक्यावर बसलो आणि म्हटलं, आजोबांची ती गोष्ट पुन्हा सांगा.

सुरुवातीला त्यांनी छान सांगितली. तंबू कसे असायचे, पाहुण्यांसाठी तांदूळ कुठून यायचा, घोड्याने आजोबांना कसं पाडलं. मधूनच दांडी खांद्याला लावून मला दाखवत होते. मी घड्याळ बघत होतो आणि मनात खूश होतो. नंतर गोष्ट जरा हळू झाली. मला वाटलं, आठवत असतील. मग घोडा पुन्हा आला आणि त्याने आजोबांना पुन्हा पाडलं.

“दादा, घोड्याचं झालं सांगून.”

“हां,” ते म्हणाले. “घोडा होता.”

मी वाकून चेहरा पाहिला. जबडा इतका आवळलेला, की गालाची शीर दिसत होती. ते कुडकुडणं दाबत होते. मी म्हटलं, चला, बास, बाहेर. त्यांनी मान हलवली. अजून थोडं. आत्ता उठलो तर मेहुणा हसेल असं काहीतरी पुटपुटले. मी हात धरला तर दांडीवरची बोटं सुटेनात. एकेक बोट मी सोडवलं, आणि प्रत्येक बोट सोडवताना मला व्हिडिओवरचा तो रापलेला चेहरा दिसत होता. त्यांना बसतं केलं. उठवायला गेलो तर गुडघे मोडून परत खाली.

इथे वाचकांना वाटेल, आता दार अडकणार. दार नाही अडकलं. मी एक लाथ मारली आणि भोईरदादांनी ते ताबडतोब उघडलं. अडकला होता माणूस. जमिनीवर गारठ्याची पातळ साय धरलेली, माझे पाय घसरत होते आणि मोतीदादांचं वजन म्हणजे तीन सीटचा सोफा. मी बगलेत हात घालून ओढतोय, त्यांचं डोकं माझ्या छातीवर, आणि ते अगदी शांत आवाजात म्हणतायत, “मास्टर, सोड, बोकड येईल.” त्या आवाजाची मला खरी भीती वाटली. भोईरदादा आत घुसले, त्यांनी पाय धरले आणि आम्ही दोघांनी त्यांना कपाटासारखं उचलून बाहेर आणलं.

बाहेर रखरखीत ऊन. भोईरदादा त्यांना उन्हातच ठेवायला निघाले, मी नको म्हटलं. गारठलेल्या माणसाला एकदम भाजायचं नसतं, हातपाय चोळायचे नसतात. ओलं काढायचं, कोरडं गुंडाळायचं, आडोशाला निजवायचं. भोईरदादांनी ऑफिसातली सतरंजी आणि स्वतःचा शर्ट दिला. मी कोट उतरवायला लागलो आणि माझा हात थांबला.

कोट चपटा होता.

मी शिवलेला कोट उशीसारखा होता. हा पापडासारखा. आत हात घातला तर भरण कागदासारखं चिकटलेलं आणि घामाने ओलं. दोन्ही बगलांखाली एक नवी शिलाई होती, सरळ, आरपार, वरपासून खालपर्यंत. माझी नव्हती. आपला टाका माणूस आपल्या पोरासारखा ओळखतो.

मोतीदादांना तिथूनच डॉक्टरकडे नेलं. थोड्या वेळाने ते कुडकुडायला लागले, चांगले दात वाजेपर्यंत, आणि ते बघून डॉक्टर म्हणाले की आता काळजी नाही. मला मात्र संध्याकाळपर्यंत घास गेला नाही. बायकोला, सुलभाला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ताटातला भात पुन्हा पातेल्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी मोतीदादा भाभींना घेऊन कारखान्यात आले. भाभी बारीक, ठसक्याच्या. खुर्चीत बसल्या आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “सांगा ना मास्टरभैयाला. तोंड कशाला लपवता?”

तेव्हा कळलं. कोट घरी घालून पाहिला तर सुनेने म्हटलं, गॅसचा सिलिंडर दिसताय. दुबईच्या मेहुण्याला व्हिडिओवर दाखवला तर तो इतका हसला, की त्याला खोकला लागला. मोतीदादा कोट घेऊन गल्लीतल्या आल्टरवाल्याकडे गेले आणि म्हणाले, जरा फिटिंग मारून दे. आमच्या गावात जीन्स असो की शेरवानी, फिटिंग मारल्याशिवाय कोणी अंगाला लावत नाही. त्याने दोन्ही बाजूंनी शिलाई मारली. आणि चांगलं गिऱ्हाईक म्हणून वरून वाफेची कडक इस्त्रीही फिरवून दिली. माझा सगळा फुगवटा त्याने प्रेमाने सपाट केला होता.

मी त्या आल्टरवाल्याला दोष देत नाही. उल्हासनगरात चुणी पडलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे गुन्हा. फुगवटा ही ऊब आहे, हे त्याला कोणी सांगितलं होतं? आणि मोतीदादांना तरी मी कुठे समजावून सांगितलं होतं? आणि त्या दिवशी कोट चढवताना मी बघितला नाही, कारण माझं लक्ष त्यांच्या दमाकडे होतं. असो.

भाभींनी मग मला सरळ विचारलं. “तुम्ही बोलला तर ते ऐकतील. जाऊ देऊ का नको?”

फार अवघड प्रश्न होता. मी म्हणालो असतो, जाऊ नका, तर काय झालं असतं? मोतीदादा खाली मान घालून बसले होते, पण त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर ताल धरल्यासारखा हलत होता. हा माणूस जाणार होता. मी कोट दिला नाही तर दुबईचा लांब बाह्यांचा कोट पोटावर उघडा टाकून जाणार होता. मी म्हटलं, भाभी, मी नवा शिवतो. पण घरी नेऊ देणार नाही. इथून सरळ विमानतळावर जाईल. आणि ह्यांनी पुन्हा आत यायचं, माझ्यासमोर. पास झाले तर जातील.

“आणि नाय झाले तर?”

“तर मी स्वतः तुमच्या दारात आडवा पडतो.”

“पालथा पडा,” मोतीदादा हळूच म्हणाले. भाभींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की कोल्ड स्टोरेज परवडलं.

मी नवा कोट शिवायला घेतला. एक कप्पा तीनदा उसवला. जुन्या कोटातला एक धागाही वापरला नाही. ह्यावेळी आतली घामाची बंडी वेगळी दिली. चढून झालं की ती काढायची, कोरडी घालायची, मगच कोट. मोतीदादांना फरशीवर बसवून, लहान मुलाला शिकवतात तसं भरण हातात देऊन दाखवलं. हे दाबलं की तुम्ही मेलात, ह्या भाषेत. त्यांनी ते भरण बराच वेळ मुठीत दाबून आणि सोडून पाहिलं, ते पुन्हा फुगताना बघत बसले.

दुसऱ्या खेपेला आम्ही पुन्हा आत गेलो. पुन्हा जिना, पुन्हा घाम, बंडी बदलली, कोट चढवला. मी सारखा त्यांच्या ओठांकडे बघत होतो. एकेक प्रश्न विचारत होतो. पहिली नोकरी कुठे, सागवान कसा ओळखायचा, सुनेचं माहेर कुठलं. ते पालथे पडून सगळ्याची नीट उत्तरं देत होते. मी आणखी विचारत होतो. इतक्यात मोतीदादांनी दांडी खाली ठेवली, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मास्टर, तू सागवानाचं दोनदा विचारलं.”

मी म्हटलं, नाही. निदान म्हणायचा प्रयत्न केला. माझी जीभ टाळूला लागत होती. त्यांच्या कोटाच्या धास्तीत मी माझं जुनं, विरलेलं जाकीट घालून आलो होतो आणि चेनसुद्धा लावायची विसरलो होतो. मोतीदादा उठले, मला काखोटीला धरलं आणि दाराशी आणून भोईरदादांच्या हवाली केलं. भोईरदादा म्हणाले, “एकाला घालायचा आन दुसऱ्याला काढायचा. चांगला धंदा हाय तुमचा.”

मोतीदादा पास. दिवाळी झाली आणि ते गेले. कोट मी विमानतळावर नेऊन दिला. एजंटमार्फत बेकला निरोप धाडला, की ह्या माणसाला सारखं काहीतरी विचारत राहा, उत्तर आलं नाही तर तिथून उठव, बोकड गेला खड्ड्यात.

नंतरचे दिवस वाईट गेले. डोंगरात फोन लागत नव्हता. वाटाड्याकडे उपग्रहाचा फोन होता, तो दुबईच्या एजंटला निरोप द्यायचा, एजंट भाभींना आणि भाभी मला. मी मशीनवर बसायचो आणि एक सरळ शिलाई धड जमायची नाही. रात्री पंखा लावून झोपलो की अंगावर काटा यायचा. त्या कप्प्यांतला एखादा टाका सैल राहिला असेल का, घामाची बंडी त्यांनी बदलली असेल का, मेहुणा हसला म्हणून चेन उघडी टाकली असेल का.

एका दुपारी भाभींचा फोन आला. आवाज फाटलेला. वरून निरोप होता, पाहुणा कड्यावर उत्तर देत नव्हता, वाटाड्या त्याला खाली घेऊन येतोय. बस, एवढाच. पुढे फोन बंद.

मी कातर खाली ठेवली. मशीनवरच्या बायकांनी माझ्याकडे बघून मशिनी थांबवल्या. मी घरी आलो, सुलभाला सांगितलं आणि आम्ही दोघे भाभींकडे जाऊन बसलो.  सून सारखी पाणी आणत होती आणि कोणी पीत नव्हतं. भाभींनी मला एक शब्दही सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. मी मनातल्या मनात तो कोट उसवत होतो, कप्प्यामागून कप्पा, कुठे चुकलं ते शोधत.

संध्याकाळी दिवा लावायच्या सुमारास फोन वाजला. भाभींनी स्पीकरवर टाकला. दुसरीकडून मोतीदादा.

“मास्टर आहे का तिथे?” पहिला प्रश्न.

मी फोनजवळ सरकलो आणि हो म्हटलं.

“मास्टर, इतकं गरम शिवायचं असतं का?”

झालं असं होतं. पहाटे चढून ते कड्यावर पोहोचले. बंडी बदलली, कोट घातला, बर्फावर पालथे पडले. थांबले. आणखी थांबले. आदल्या रात्री तंबूत झोप नव्हती, चढून अंग मोडलेलं आणि आत अशी छान ऊब, की मोतीदादांना कड्यावर, बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकून झोप लागली. पलीकडे बेक दुर्बीण लावून होता. त्याने हळूच विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. माझा निरोप त्याच्या डोक्यात होता. त्याने आधी एजंटला निरोप दिला, की पाहुण्याला खाली आणतोय, आणि मग सरपटत जाऊन ह्यांना गदागदा हलवलं. मोतीदादांनी डोळे उघडले, तर समोर, अगदी समोर, दगडावर तो उभा. शिंगं मागे वळलेली, दाढी वाऱ्यावर, ह्यांच्याकडेच बघतोय. बंदूक गालाखालून काढेपर्यंत बोकड पलीकडच्या दरीत पसार. बेक मात्र ऐकेना. ह्यांनी कितीही सांगितलं की मी ठणठणीत आहे, तरी त्याने घोड्यावर बसवून खाली आणलंच.

“आणि दादा, बोकड?” मी विचारलं.

“बघितला,” ते म्हणाले.  “वर उभा असलेला बघितला, मास्टर.”

भाभी तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. मेहुण्याचा आवाज मागून येत होता, तो बहुतेक हसत होता.

रिक्षाने घरी येताना मला बरं वाटायला हवं होतं, पण माझा थोडा हिरमोड झाला होता. खरं सांगतो. इतका जीव टांगणीला लावून शिवलेला कोट, आणि त्याची कीर्ती काय, तर शिकारी झोपला आणि बोकड वाचला. उद्या बाजारात हेच सांगतील. मी तसं सुलभाला बोलून दाखवलं. म्हटलं, कोणाला कळणार आहे, ह्यात किती काम होतं ते.

 शिरगावच्या वळणावर रिक्षा आली तेव्हा ती म्हणाली, “अहो, बाकीच्यांचं जाऊ द्या. त्या बोकडाच्या बायकोला तेवढं कुणीतरी कळवायला हवं, कोट कुणी शिवला ते.”